नांदूरमध्यमेश्वरला पक्षी ठिपक्याएवढे येतात. मोठी लेन्स घेऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकरोडला राहता, क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा आहे, सोबत १८-५५ आणि ५५-२५० मिमी या दोन लेन्स (आकडा मोठा, तेवढं लांबचं जवळ दिसतं). निफाड तालुक्यातल्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात काही चकरा झाल्या, पण पक्षी ठिपक्याएवढे येतात आणि क्रॉप केलं की पिसांच्या जागी नुसता पाणचट रंग उरतो. १५०-६०० साठी पैसे साठवलेत, ती घ्यावी का? आणि जाता जाता विचारलंय, की पावसाळ्यात डोंगरांचे फोटोही सपाट येतात, त्यासाठी आणखी रुंद लेन्स लागेल का?

आधी उत्तर सांगतो, कारण नंतर मी लांबण लावणार आहे. हा हिवाळा ५५-२५० वरच काढा. रुंद लेन्स तर अजिबात घेऊ नका. १५०-६०० वाईट नाही, माझ्या बॅगेत कित्येक वर्षं तीच आहे. पण तुम्ही जी तक्रार लिहिली आहे, त्यातली निम्मी तरी ती लेन्स आल्यावरही तशीच राहील, आणि तेव्हा पैसेही गेलेले असतील.

थोडं गणित करू. सेन्सरवर पक्षी किती मोठा पडतो, ते काढायचं सूत्र साधं आहे: लेन्सची फोकल लेंग्थ गुणिले पक्ष्याची उंची, भागिले अंतर. चित्रबलाक उभा असला की साधारण १ मीटर उंच. तो १०० मीटरवर असेल तर २५० मिमीला सेन्सरवर अडीच मिमीचा पडतो. तुमचा सेन्सर जेमतेम १५ मिमी उंच, म्हणजे पक्षी फ्रेमच्या एक षष्ठांश. ६०० मिमीला तोच ६ मिमी होतो, फ्रेमच्या दोन पंचमांश. इथवर लेन्सचा फायदा उघड आहे. पण तिथल्या पक्षी बघायच्या मनोऱ्यावरून थवा दिसतो तो बऱ्याचदा अडीचशे-तीनशे मीटरवर असतो. ३०० मीटरवरचा चित्रबलाक ६०० मिमीला २ मिमीचा पडतो. म्हणजे आज तुमच्या २५० ला १०० मीटरवरचा पक्षी जेवढा येतो, त्याहूनही लहान. लेन्स जेवढं देते त्याहून जास्त तुमची बसायची जागा देते.

दुसरी गोष्ट हवेची, आणि माझा अंदाज आहे की तुमचा खरा शत्रू तीच आहे. ३०० मीटर अंतरात ऊन लागलेल्या चिखलावरची, पाण्यावरची हवा थरथरत असते. डोळ्याला ते जाणवत नाही, सेन्सरला जाणवतं. लांब लेन्स पक्ष्याबरोबर ही थरथरही मोठी करते. तुम्ही वेळ लिहिलेली नाही, पण फोटोंतल्या सावल्या पायाखाली गेल्यात, म्हणजे दहा-साडेदहा नक्कीच वाजून गेलेले होते. त्या वेळी लाखांची लेन्स लावली तरी पिसं सुटी होणार नाहीत.

खात्री करायची तर एक चाचणी करा. लांबवरचा, न हलणारा खुंट किंवा दगड घ्या. कॅमेरा भिंतीवर नीट टेकवून एकच सेटिंग ठेवा आणि सलग आठ-दहा फोटो काढा. खुंटाची कड प्रत्येक फोटोत वेगळ्या ठिकाणी वाकडी दिसली, तर दोष हवेचा. सगळ्या फोटोंत सारखीच मऊ दिसली तर फोकसचा किंवा लेन्सचा. एकाच दिशेला ओढल्यासारखी दिसली तर हात हललाय किंवा शटर कमी पडलंय. मग घरी भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवा, दहा-पंधरा मीटरवरून २५० ला फोटो घ्या. तिथे अक्षरं स्वच्छ आली तर लेन्सला बोल लावायला जागा उरत नाही. लेन्सवर स्वस्तातला यूव्ही फिल्टर असेल तर तो काढून हेच पुन्हा करून बघा. अनेकांचं दुखणं तिथेच बरं होतं.

आता नांदूरमध्यमेश्वरबद्दल. हे नैसर्गिक तळं नाही. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात त्याच्या खाली इंग्रजांच्या काळात बंधारा घातला, तिथून डावा आणि उजवा कालवा निघाला, आणि बंधाऱ्यामागे गाळ साचत साचत उथळ दलदल तयार झाली. १९८६ ला अभयारण्य झालं, २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं. हा इतिहास फोटो काढणाऱ्याच्या कामाचा आहे, कारण इथलं पाणी ऋतूनुसार कमी आणि पाटबंधारे खात्यानुसार जास्त हलतं. कालव्याला आवर्तन, म्हणजे शेतीचं पाणी सुटलं, पातळी उतरली, की काठाचा चिखल उघडा पडतो. शेकाटे, तुतवार, शराटी, चमचे चरायला त्या चिखलावर येतात. पाणी तुडुंब असलं की बदकं मधोमध जाऊन बसतात, थापटे, तलवार बदकं, चक्रवाक वगैरे, आणि तुमच्या वाट्याला फक्त ठिपके येतात.

म्हणून निघण्याआधी तिथल्या गाइडला फोन कराल तेव्हा ‘रोहित (फ्लेमिंगो) आलेत का’ हे विचारू नका. ते सगळेच विचारतात, आणि रोहित दरवर्षी ठरल्यासारखे येतातच असं नाही. पाणी कुठपर्यंत आहे, चिखल कुठे उघडा पडलाय, हे विचारा. ही मुलं तिथलीच आहेत, रोज काठावर असतात. त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा ताजी माहिती असते आणि बऱ्याचदा चांगली दुर्बीणही. त्यांचे पैसे द्यायला का-कू करू नका.

वेळेचं म्हणाल तर जानेवारीत इथे सूर्य सव्वासाताच्या आसपास उगवतो. तेव्हा तुम्ही गेटवर गाडी लावत असाल तर उशीर झाला. उजाडायच्या आत, किंवा गेट जितक्या लवकर उघडत असेल तितक्या लवकर, जागेवर बसलेलं असावं आणि पहिले दोन तास उठू नये. निफाडचा पारा किती खाली जातो ते तुम्हाला सांगायला नको, दर थंडीत पेपरात येतं. त्या थंडीत पाणी हवेपेक्षा उबदार असतं, त्यावर वाफ धरते. अशा सकाळी क्लोजअपचा नाद सोडा. उलट हीच सकाळ तुमच्या ५५-२५० साठी सोन्याची आहे: वाफेतून अर्धवट दिसणारी बाभळीची झाडं, त्यावर पंख पसरून बसलेले पाणकावळे, मागे बंधाऱ्याची रेघ. पक्षी फ्रेमच्या दहाव्या हिश्श्याएवढा असला तरी फोटो पूर्ण वाटतो, कारण तो कुठे राहतो ते दिसतं.

पक्षी जवळ आणायचा एकच मार्ग मला माहीत आहे, तो म्हणजे आपण त्याच्याकडे न जाणं. सूर्य पाठीशी येईल असा काठ धरा, बसा, आणि बसूनच राहा. उभा माणूस बदकांना लांबूनच खटकतो. बसलेला, मळकट कपड्यातला, न हलणारा माणूस अर्ध्या-पाऊण तासात त्यांच्या हिशेबातून जातो. आधी टिबुकल्या आणि वारकरी येतात, मग ढोकरी, मग चिखलावरची तुतवार मंडळी चरत चरत तुमच्या दिशेने सरकतात. त्यांच्याकडे बघत राहा, ते सांगतात. चरणं थांबलं, माना सरळ झाल्या, की तुम्ही काहीतरी जास्त हललात. त्यावर टिटवी ओरडली तर सगळ्या काठाला खबर जाते, मग पुन्हा पहिल्यापासून वाट पाहायची. ३० मीटरवर दिसणारा तुतवार १० मीटरवर आला, की तुमच्या याच लेन्सने तिप्पट मोठा होतो, आणि मधली हवाही एक तृतीयांश राहते.

सरावाला कवड्या खंड्या घ्या. काळा-पांढरा, गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला किंवा कालव्याच्या पुलाजवळही मिळतो, नांदूरला तर आहेच. तो पाण्यावर एका जागी फडफडत थांबतो: अंग तिरपं, चोच सरळ खाली, पंख इतके जोरात की कडा पुसट दिसतात, पण डोकं मात्र खिळा ठोकल्यागत स्थिर. फोकस तेव्हाच डोक्यावर धरायचा. सूर मारताना त्याला पकडायचा प्रयत्न सुरुवातीला करू नका. तो बऱ्याचदा थोडा खाली उतरून पुन्हा थांबतो, तो दुसरा थांबा तुमचा. शटर १/२००० किंवा वर, सलग फोकसचा मोड, फोकसबिंदू मधला एकच किंवा त्याच्या आजूबाजूचा छोटा गट. दहा-पंधरा मीटरवर हा पक्षी २५० ला छान येतो. हे जमायला लागलं, की उडत्या बदकांची भीती जाते.

सेटिंगचं फार अवडंबर नको. मी मॅन्युअलवर शटर (किती वेळ उजेड घ्यायचा) आणि अॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडायचं) धरतो आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, कॅमेऱ्यावर सोडतो. बसलेल्या पक्ष्याला १/५०० ते १/८००, चालत्याला १/१०००, उडत्याला त्याच्या दुप्पट. आयएसओ १६०० किंवा ३२०० झाला म्हणून घाबरू नका. दाणेदार फोटो सुधारतो, हललेला सुधारत नाही. खरी गोम एक्सपोजर कॉम्पेन्सेशनमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड आपण कमी-जास्त करण्यात आहे. गडद पाण्यावर पांढरा बगळा किंवा चमचा असेल तर कॅमेरा पाण्याला भुलून फोटो उजळ करतो आणि पांढरी पिसं जळतात, म्हणून पाऊण ते एक स्टॉप खाली (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). धुक्यात याच्या उलट: सगळी फ्रेम पांढरी बघून कॅमेरा ती करडी करून टाकतो, तिथे तितकंच वर. आणि रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये काढा, एवढं तरी करत असाल अशी आशा.

गाडी असेल तर तिचा उपयोग करा. पक्षी माणसाला जितके बिचकतात तितके उभ्या गाडीला बिचकत नाहीत. इंजिन बंद, काच खाली, आणि काचेच्या कडेवर उशी. जुन्या जीन्सच्या पायाचा तुकडा शिवून त्यात तांदूळ किंवा मूग भरले की झालं, ट्रायपॉडपेक्षा बरं काम देते. इंजिन चालू ठेवाल तर थरथरही येते आणि बॉनेटवरची गरम हवा फोटोत उतरते. चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडी या बाजूंच्या रस्त्यांना तारांवर नीलपंख, वेडे राघू, कोतवाल, घारी असतात, अभयारण्यात शिरायच्या आधीच. बाइकवाल्यांना हे सुख नाही. त्यांनी झाडाच्या बुंध्याला टेकून बसावं आणि बाइक लांब लावावी.

इथे दोन स्थानिक सूचना. द्राक्षबागेत न विचारता पाऊल टाकू नका. शेतकरी आधीच पक्ष्यांनी वैतागलेला असतो, फवारणी झालेली असू शकते, आणि बाग त्याच्या वर्षभराच्या पोटाची असते. विचारलंत तर बहुतेक जण चहाला बसवतात. दुसरी, पहाटे अंधारात उसाच्या कडेने एकट्याने चालणं टाळा. निफाडच्या उसात बिबटे आहेत हे आपल्याकडे कुणाला नवीन नाही, पण कॅमेरा गळ्यात पडला की माणूस विसरतो.

आता डोंगर. तुमचे फोटो सपाट येतात कारण तुम्ही सगळं १८ मिमीत कोंबताय. आपला सह्याद्री आडव्या थरांचा आहे, लाव्हाचे थर एकावर एक. रुंद लेन्सने तो मागे जाऊन एक बारीक पट्टी होतो. हेच डोंगर १५० ते २५० मिमीने काढून बघा. वणीच्या बाजूने मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, किंवा आग्रा रोडवरून दिसणारी धोडपची ती खाच पडलेली भिंत: लांब लेन्सने कडे एकामागे एक दाटून येतात आणि मधलं धुकं प्रत्येक रांगेला वेगळी छटा देतं. साल्हेरसारख्या १५६७ मीटरच्या माथ्यावर चढलात तरी २५० सोबत असू द्या. म्हणजे जी लेन्स तुम्ही पक्ष्यांना अपुरी म्हणून टाकायला निघालात, ती डोंगरांसाठी अगदी बरोबर आहे.

काळ कोणता? भर जुलैत ढग खाली उतरलेले असतात, तेव्हा दूरचं दृश्य सोडून द्या आणि जवळचं काढा: ओला खडक, शेवाळ, ओहोळ. तिथे लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावा, ओल्या पानांवरची चकाकी जाते आणि हिरवा रंग खोल येतो. तो दीडएक स्टॉप उजेड खातो, हे लक्षात ठेवा. सप्टेंबर सरताना पावसाची सर येऊन गेल्यावर हवा धुतली जाते, ती दुपार किंवा संध्याकाळ रांगांसाठी पकडा. पहिने, दुगारवाडीला जाणार असाल तर वरच्या बाजूला पाऊस पडला की ओढ्याचं पाणी बघता बघता चढतं. पलीकडच्या काठावर ट्रायपॉड लावून अडकलेले लोक दरवर्षी बातम्यांत येतात. आणि इगतपुरी-त्र्यंबकच्या ओलीतून घरी आल्यावर कॅमेरा तसाच बॅगेत कोंबू नका. झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा. लेन्सला एकदा बुरशी धरली की दुरुस्तीचा खर्च लेन्सच्या किमतीला भिडतो.

पक्षी आणि डोंगर एकत्र हवे असतील तर अंजनेरी. तिथल्या कड्यांच्या कपारीत लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. कातळावर विष्ठेचे पांढरे ओघळ दिसले की जागा ओळखावी. पाणपक्ष्यांसाठी जी वेळ मी वर बाद ठरवली, ती इथे कामाची. ऊन तापून हवा वर चढू लागली की मगच गिधाडं कपार सोडतात आणि गिरक्या घेत माणसाच्या डोळ्याच्या पातळीला येतात. जवळून गेलं तर २५० पुरते, मागे त्र्यंबकचे डोंगर येतात, आणि वरून दिसणारी पंखांची तपकिरी पाठ मिळते, जी जमिनीवरून कधीच मिळत नाही.

पण इथे मी कडक आहे. हिवाळा हाच त्यांचा विणीचा काळ, वर्षाला एकच अंडं. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकने ही जात जवळजवळ संपवली. २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तरी संख्या इतक्या संथ गतीने भरते की एकेक पिल्लू मोजायचं. कपारीच्या माथ्यावर जाऊन वाकून बघणं, दगड टाकून उडवणं, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावणं, यातलं काही करायचं नाही. घरट्याचा फोटो मी कुठल्याच पक्ष्याचा काढत नाही आणि कुणी टाकलेला दिसला तर कौतुक करत नाही. घरट्याची जागा फोटोसोबत लिहिणं तर मुळीच नको. नांदूरलाही टाळी वाजवून थवा उडवणारे भेटतात, ‘फ्लाइट शॉट’ हवा म्हणून. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला आपल्या एका फोटोसाठी पुन्हा उडवणं हा शुद्ध हावरटपणा आहे. ड्रोनचं विचारलेलं नाही, तरी सांगतो: अभयारण्यात परवानगीशिवाय चालत नाही, आणि देवळाली, ओझर, बोरगडसारख्या लष्करी-हवाई दलाच्या परिसरात तर बॅगेतून काढूही नका.

आता पुन्हा तुमच्या पैशांकडे. १५०-६०० कधी घ्यावी? वरच्या पद्धतीने हिवाळा काढल्यावरही जे पक्षी तुम्हाला हवेत ते स्वभावानेच लांब राहणारे निघाले, तर घ्या. दलदली भोवत्या आणि कैकर हे शिकारी पक्षी, येवल्याच्या पुढे ममदापूरच्या माळावरचे धाविक आणि ससाणे, यांना २५० पुरणार नाही, कितीही बसलात तरी. शिवाय तुमच्या खांद्यावर अवलंबून आहे. ती लेन्स २ किलोच्या आसपास असते, ६०० ला तोंड एफ ६.३ एवढंच उघडतं, म्हणजे उजेड कमी येतो, आणि बाइकवरून नाशिकरोड ते चापडगाव पाठीवर घेऊन जाणं तरुणपणीसुद्धा कंटाळवाणं. तुमचं वय आणि वाहन तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे तिथे मी बोलणार नाही. मधला पर्याय १००-४०० चा आहे: वजनाला बरीच हलकी, हातात धरून तासभर काम होतं, आणि डोंगरांनाही चालते. नाशिककराला मी बऱ्याचदा हीच सुचवतो.

काहीही ठरलं तरी आधी शनिवार-रविवारपुरती भाड्याने आणा आणि पहाटे नांदूरला न्या, दुपारी नाही. जुनी घेणार असाल तर दुकानात टॉर्च मारून आतल्या काचेवर जाळं दिसतं का बघा, झूम पूर्ण बाहेर काढून नळी डुलते का बघा, आणि ६०० ला उघड्या अॅपर्चरवर वीस-पंचवीस मीटरवरच्या एखाद्या पाटीचा फोटो घेऊन तिथल्या तिथे मोठा करून पाहा.

पुढच्या वेळी फोटो दाखवाल तेव्हा क्रॉप न केलेली मूळ फ्रेम द्या, सोबत वेळ, शटर आणि पक्षी अंदाजे किती मीटरवर होता ते लिहा. खुंटाच्या चाचणीचे फोटोही टाका. त्यावरून हवा, हात की लेन्स ते लगेच सांगता येईल.